सोयाबीन देऊन चीनने काय मिळवलं?

दिवाळीच्या आगेमागे इंदूरच्या संयोगितागंज मंडीत, म्हणजे आपल्या छावणीत, सोयाबीनची आवक वाढते. बोली लावतात ते इथले व्यापारी, पण ती बोली कुठवर चढेल हे बऱ्याच अंशी शिकागोचा वायदेबाजार, ब्राझीलचं पीक आणि चीनची खरेदी ठरवते. जगात देशादेशांमध्ये जेवढं सोयाबीन विकलं जातं, त्यातलं निम्म्याहून जास्त एकटा चीन विकत घेतो. आणि हे पीक मूळचं चीनचंच. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चीन सोयाबीन विकणारा देश होता. २००१ साली त्याची आयात सुमारे १ कोटी ४० लाख टन होती, २०२० मध्ये ती १० कोटी टनांवर गेली. देशातलं उत्पादन मात्र एवढ्या वर्षांत सव्वा ते दोन कोटी टनांच्या आसपासच राहिलं.

चीनसारखा, अन्नाच्या बाबतीत कमालीचा सावध असणारा देश आपलंच पीक असं परक्यांच्या हाती का सोपवेल? याच्या उत्तरासाठी जागतिक व्यापार संघटनेतला, म्हणजे डब्ल्यूटीओतला, चीनचा प्रवेश समजून घ्यावा लागतो. ‘चीनने दारं उघडली आणि जगभर स्वस्त माल ओतला’ एवढंच आपण त्याबद्दल ऐकलेलं असतं. खरा प्रकार जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि माळव्यातल्या किंवा लातूर-अकोल्याकडच्या सोयाबीनवाल्याला तो माहीत असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

सभासद होणं म्हणजे लेखी वचन देणं

डब्ल्यूटीओ कोणाला माल विकायला लावत नाही, विकत घ्यायलाही लावत नाही. ती सभासद देशांकडून वचनं लिहून घेते. त्यातली तीन महत्त्वाची. पहिलं, एका सभासदाला जी सवलत द्याल ती सगळ्यांना द्यायची. मोजके अपवाद सोडले तर जपानच्या मोटारीवर दहा टक्के आणि कोरियाच्या मोटारीवर वीस टक्के असं करता येत नाही. दुसरं, परदेशी माल एकदा कर भरून आत आला की त्याला देशी मालासारखंच वागवायचं. तिसरं वचन सर्वांत कमी चर्चेत असतं, पण आपल्या विषयासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक वस्तूवरच्या आयात कराची कमाल मर्यादा लिहून द्यायची.

या मर्यादेला ‘बांधील दर’ म्हणतात. प्रत्यक्षात लावला जाणारा कर त्याहून कमी असू शकतो. मर्यादा ५० असताना सरकार आज १० लावेल, उद्या ३० लावेल, कोणी काही म्हणणार नाही. पण ५१ लावला की तक्रार होऊ शकते. मर्यादाच वाढवायची असेल तर ज्या देशांचं नुकसान होतं त्यांच्याशी बसून बोलायचं आणि बदल्यात दुसऱ्या कुठल्या मालावर सवलत द्यायची. म्हणून ही मर्यादा ठरवतानाची एक दुपार पुढच्या कित्येक वर्षांच्या पिकांवर परिणाम करते.

आपण, भारत, यात फारशी परीक्षा न देता शिरलो. १९४७ मध्ये जिनिव्हात २३ देशांनी ‘गॅट’ नावाचा करार केला, डब्ल्यूटीओचा तो पूर्वज. त्या तेवीसांत भारत होता आणि चीनही होता. पण तो चांग कै-शेकच्या राष्ट्रवादी सरकारचा चीन. १९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, चांगचं सरकार तैवानला गेलं आणि तिथूनच १९५० मध्ये त्याने गॅट सोडत असल्याचं कळवून टाकलं. बीजिंगने ते कधीच मानलं नाही. म्हणूनच जुलै १९८६ मध्ये चीनने अर्ज केला तो नव्या सभासदत्वासाठी नव्हता. आमची जुनी जागा आम्हाला परत द्या, अशी ती मागणी होती.

ती जागा मिळायला १५ वर्षं लागली. १९८९ च्या तियानआनमेन चौकातल्या हत्याकांडानंतर बोलणी गोठली. १९९५ मध्ये गॅटची जागा डब्ल्यूटीओने घेतली, तेव्हा संस्थापकांच्या यादीत बसण्याचा चीनचा प्रयत्न फसला. शेती, सेवा, पेटंट हे सगळं आता नियमांत आलं होतं, त्यामुळे परीक्षेचा अभ्यासक्रमच वाढला. काळे केस पांढरे होईपर्यंत आम्ही वाटाघाटी करतोय, अशी खंत पंतप्रधान चू रोंगची यांनी १९९९ मध्ये बोलून दाखवली होती.

याद्या

नव्या देशाला प्रवेश कसा मिळतो, ही पद्धत आपल्याकडच्या जुन्या लग्नांतल्या याद्यांसारखी आहे. वरपक्षाचा प्रत्येक वडीलधारा आपापली मागणी सांगतो, वधूपक्ष एकेकाशी बोलून तडजोड करतो, आणि शेवटी सगळं एका कागदावर येतं. इथे फरक एवढाच की एका वडीलधाऱ्याने घासाघीस करून जे पदरात पाडलं, ते आपोआप सगळ्यांना मिळतं. अमेरिकेने मोटारींवरचा कर खाली आणवला की त्याचा लाभ जर्मनीलाही, जपानलाही. चीनला असे तीसहून अधिक देशांशी स्वतंत्र करार करावे लागले. भारताशी झाला तो फेब्रुवारी २००० मध्ये. सगळ्यात कठीण होता अमेरिकेशी. एप्रिल १९९९ मध्ये चू रोंगची वॉशिंग्टनला भरपूर सवलती घेऊन गेले, पण अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी ऐनवेळी सही टाळली. पुढच्याच महिन्यात नाटोच्या बॉम्बहल्ल्यात बेलग्रेडमधला चिनी दूतावास उद्ध्वस्त झाला, आणि सगळं मोडतं की काय अशी वेळ आली. शेवटी १५ नोव्हेंबर १९९९ ला बीजिंगमध्ये सह्या झाल्या. सर्वांत शेवटी मेक्सिको तयार झाला, सप्टेंबर २००१ मध्ये. दोहाच्या परिषदेत १० नोव्हेंबरला मंजुरी मिळाली आणि ११ डिसेंबर २००१ रोजी चीन १४३वा सभासद झाला. तैवान तीन आठवड्यांनी, १ जानेवारी २००२ ला, स्वतंत्र जकात क्षेत्र म्हणून आत आला.

चीनने दिलेली वचनं साधी नव्हती. १९९२ मध्ये तिथला सरासरी आयात कर ४० टक्क्यांच्या वर होता. तो २००१ पर्यंत १५ टक्क्यांच्या आसपास आलेला होताच. आता तो १० च्या खाली न्यायचा होता. मोटारींवरचा ८० ते १०० टक्के कर २००६ पर्यंत २५ टक्क्यांवर आणायचा होता. बँका, विमा, दूरसंचार, किरकोळ विक्री परदेशी कंपन्यांना टप्प्याटप्प्याने खुली करायची होती. केंद्राचे २,३०० हून अधिक कायदे, नियम आणि आदेश तपासून दुरुस्त करावे लागले, असं चीन सरकारने स्वतःच पुढे नमूद केलं.

एवढं सगळं त्यांनी का मान्य केलं? माझ्या मते बीजिंगमधल्या सुधारणावाद्यांना बाहेरचा दट्ट्या हवा होता. देशातल्या सरकारी कारखान्यांत सुधारणा करायची म्हटलं की प्रत्येक प्रांत आणि प्रत्येक खातं आडवं येई. आता ‘जिनिव्हात, डब्ल्यूटीओच्या मुख्यालयात, लिहून दिलंय’ हे उत्तर मिळालं. त्याची किंमत कामगारांनी मोजली. १९९०च्या दशकाच्या अखेरच्या वर्षांत सरकारी कारखान्यांतून दोन कोटींहून अधिक माणसं कमी केली गेली. आकडा म्हणून हे एका ओळीत लिहून होतं. इंदूरकरांना ते वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांना थकीत रकमा मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तिथे डब्ल्यूटीओचा संबंध नव्हता, पण गिरणी बंद होणं म्हणजे घरात काय होणं, हे या शहराच्या दोन पिढ्यांनी पाहिलं आहे.

गहू राखला, सोयाबीन सोडलं

आता पुन्हा शेताकडे. वचनांच्या कागदावर चीनने गहू, तांदूळ आणि मका यांच्याभोवती कुंपण घातलं. ठरावीक कोट्यापर्यंत फक्त १ टक्का कर, त्यापुढे ६५ टक्के. गव्हाचा कोटा सुमारे ९६ लाख टन, मक्याचा ७२ लाख, तांदळाचा ५३ लाख. चीनच्या खपापुढे हे आकडे किरकोळ आहेत. सोयाबीनवर मात्र ना कोटा, ना कुंपण, नुसता ३ टक्के कर. ही चूक नव्हती आणि दुबळेपणाही नव्हता. ती निवड होती.

हिशेब सोपा आहे. चीनमध्ये हेक्टरी साधारण दोन टन सोयाबीन निघतं. १० कोटी टन घरीच पिकवायचं म्हटलं तर ५ कोटी हेक्टर जमीन लागेल. भारतातला सोयाबीनचा सगळा पेरा धरला तरी तो सव्वा कोटी हेक्टरच्या आसपास जातो, म्हणजे लागणारी जमीन त्याच्या चौपट! एवढी जमीन काढायची तर गहू, भात आणि मक्याखालचीच काढावी लागली असती. दुसरीकडे लोकांच्या हातात पैसा येत होता आणि डुकराचं मांस, कोंबडी, अंडी यांचा खप चढत होता. जनावरांना पेंड लागते, आणि सोयाबीनच्या वजनातला सुमारे चार-पंचमांश भाग पेंडच असते. बाहेरून सोयाबीन आणणं म्हणजे एका अर्थी ब्राझीलची जमीन आणि पाऊस वापरणं. भात-गहू हातात राहिले, मांस स्वस्त झालं.

हरला तो ईशान्येकडच्या हेलोंगजियांग प्रांतातला सोयाबीन शेतकरी. त्याच्या मागोमाग देशी तेलगाळप कारखाने. २००४ च्या सुरुवातीला शिकागोचे भाव भडकले असताना चिनी कारखान्यांनी मोठे सौदे केले. काही महिन्यांत भाव कोसळले, माल बंदरात पोहोचेपर्यंत सौदे तोट्यात गेले, अनेक कारखाने बुडाले, आणि गाळप उद्योगातला मोठा हिस्सा बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती गेला. शेतकऱ्याने पीक बदललं तरी कारखान्यांचा धंदा परत देशी हातात आणायला चीनला पुढे बराच खटाटोप करावा लागला. डब्ल्यूटीओ प्रवेशाच्या यशोगाथांत हा भाग सहसा येत नाही. तो यायला हवा, कारण ‘देशाचा फायदा’ असं म्हणताना देशातल्या कोणाचा, हा प्रश्न इथे अगदी उघड दिसतो.

मिळालं काय?

बहुतेकांना वाटतं, चीन सभासद झाल्यावर अमेरिकेने त्याच्या मालावरचा कर कमी केला. तसं जवळजवळ काहीच झालं नाही. १९८० पासूनच चिनी मालाला अमेरिकेत इतर देशांइतकाच, सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास, कर लागत होता. पण ही सवलत दरवर्षी नव्याने द्यावी लागे. १९८९ नंतर तर अमेरिकी संसदेत दरवर्षी त्यावर वाद होई. एखाद्या वर्षी सवलत नाकारली गेली असती तर १९३० सालच्या कायद्याचे दर लागू झाले असते, सरासरी ३५ टक्क्यांच्याही वर. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या मालावर ४ टक्के लागणार की ३५, हे माहीत नसताना शेनझेनमध्ये मोठा कारखाना कोण टाकेल?

ऑक्टोबर २००० मध्ये क्लिंटन यांनी ही सवलत कायमची करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि डब्ल्यूटीओ प्रवेशाबरोबर ती लागू झाली. दर तोच राहिला, भीती गेली. मग कारखान्यांचे लोंढे निघाले. चीनची निर्यात २००१ मध्ये सुमारे २६६ अब्ज डॉलर होती. २००८ मध्ये ती १,४०० अब्जांच्या पुढे गेली. २००९ मध्ये जर्मनीला मागे टाकून चीन जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला. अमेरिकेतल्या कारखानदारीच्या गावांतले रोजगार गेले ते याच वर्षांत, आणि तिथल्या राजकारणात त्याचा राग अजून धुमसतो आहे.

माझ्या मते जागतिक व्यापारव्यवस्था कोणालाही देत असलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, खात्री. स्वस्त मजूर चीनकडे १९९० मध्येही होते.

नियमांना न दिसणारी गोष्ट

कर मोजता येतो, कोटा मोजता येतो. पण कारखान्याला जमीन फुकटात मिळाली, सरकारी बँकेने बुडणारं कर्ज पुन्हा फिरवून दिलं, वीज स्वस्त दिली, तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं? ही अडचण वाटाघाटी करणाऱ्यांना तेव्हाही दिसत होती. म्हणून चीनच्या करारात एक खास कलम घातलं गेलं.

घरच्या भावापेक्षा कमी भावात बाहेर माल विकणं म्हणजे डंपिंग. ते सिद्ध झालं तर जादा कर लावता येतो. पण चीनमधला घरचा भावच सरकारच्या हाताखाली ठरत असेल तर तुलना कशाशी करायची? कलमाने सांगितलं की तुलनेसाठी दुसऱ्या देशाचे भाव घेता येतील. अमेरिकेचं वाणिज्य खातं त्यासाठी बरीच वर्षं सर्रास भारताचे भाव घेत असे. म्हणजे चिनी वस्तूची ‘खरी’ किंमत काढायला आपल्याकडच्या मजुरीचे आणि कच्च्या मालाचे दर वापरले जात! हे कलम १५ वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये संपणार अशी चीनची समजूत होती. अमेरिका आणि युरोपने ती मान्य केली नाही, चीनने युरोपविरुद्ध दाद मागितली आणि २०१९ मध्ये तो खटला स्वतःच थांबवला.

जे लिहिलेलं होतं तिथे मात्र नियम चालले. मोटारींच्या सुट्या भागांवरच्या करांविषयीचा आणि दुर्मिळ खनिजांच्या निर्यातबंधनांचा, असे दोन्ही खटले चीन हरला आणि त्याने बंधनं मागे घेतली. गहू-तांदळाला ठरलेल्या ८.५ टक्के मर्यादेपेक्षा जास्त आधार दिल्याबद्दलही २०१९ मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला. पण ११ डिसेंबर २०१९ पासून, चीनच्या प्रवेशाला बरोबर १८ वर्षं झाली त्या दिवसापासून, डब्ल्यूटीओचं अपील मंडळ ठप्प आहे. अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवते आहे. त्यामुळे आता हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण तिथेच लोंबकळतं.

आणि आपलं ४५

२००१ हे वर्ष भारतासाठीही तेवढंच महत्त्वाचं होतं, पण आपण ते विसरलो. परकीय चलनाच्या टंचाईचं कारण सांगून आपण शेकडो वस्तूंच्या आयातीवर थेट बंधनं ठेवली होती. अमेरिकेने तक्रार केली, १९९९ मध्ये आपण हरलो, आणि १ एप्रिल २००१ रोजी शेवटच्या ७१५ वस्तूंवरची बंधनं उठली. त्यानंतर शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी हातात मुख्यतः एकच हत्यार उरलं, आयात कर. आणि त्याची मर्यादा जिनिव्हातल्या कागदावर.

त्या कागदावर पामतेलापुढे ३०० टक्के लिहिलं आहे, सोयातेलापुढे ४५. जुन्या वाटाघाटींत दिलेल्या सवलतीतून हा आकडा आला आणि चिकटून राहिला. आता गंमत बघा, खरं तर दुर्दैव. पामतेलावर सरकार ३०० लावू शकतं, पण लावून उपयोग नाही. पामतेल महागलं की आयातदार सोयातेलाकडे वळणार. म्हणजे सगळ्या खाद्यतेलांच्या करावर त्या एका ४५ चं छप्पर आहे. माळव्यात खरिपात पडीक राहणाऱ्या काळ्या रानात १९७०च्या दशकापासून सोयाबीन पसरलं, त्याच्यावर इंदूर-देवासकडचे प्लांट उभे राहिले, आणि त्यांच्या तेलाच्या भावाची वरची कड अशी आधीच आखली गेलेली होती.

तरीही सगळा दोष जिनिव्हावर टाकणं मला पटत नाही. सरकारने ४५ पर्यंत जाणंही बहुतेक वेळा टाळलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या सोयातेलावरचा मूळ कर शून्यावरून २० टक्के केला, मे २०२५ मध्ये तो १० वर आणला. खाद्यतेलाच्या गरजेतला अर्ध्याहून जास्त भाग आपण आयात करतो, सणासुदीला तेल महागलेलं कोणत्याच सरकारला परवडत नाही, आणि आपलं सोयाबीन हेक्टरी जेमतेम एक टन येतं, ब्राझीलचं तीन टनांच्या वर. २०१८ मध्ये अमेरिकेशी व्यापारयुद्ध पेटलं तेव्हा चीनने भारतासह पाच आशियाई देशांच्या सोयाबीनवरचा ३ टक्के कर शून्य केला होता. दार उघडं होतं. आपल्याकडे त्या भावात पाठवायला दाणा नव्हता.

कर वाढवता येत नाही किंवा वाढवायचा नाही, तेव्हा उरतो सरकारी खजिना. चीनने २०१४ मध्ये ईशान्येकडच्या सोयाबीनला लक्ष्य-भाव देऊ केला: बाजारभाव त्याखाली गेला तर फरक सरकार देणार. मध्य प्रदेशात २०१७ च्या ऑक्टोबरात भावांतर योजना आली, ती त्याच धर्तीची. चीनने २०१७ मध्येच ती पद्धत सोडली आणि पेऱ्याच्या हिशेबाने थेट अनुदान सुरू केलं. आपल्याकडे भावांतर मधल्या काळात मागे पडली आणि २०२५ च्या हंगामात सोयाबीनसाठी पुन्हा लागू झाली, ५,३२८ रुपये हमीभाव धरून. हा खर्च डब्ल्यूटीओच्या हिशेबात आधारभावाच्या रकान्यात जातो. तिथे भारतासारख्या विकसनशील देशाला पिकाच्या एकूण मूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, चीनला तीच मर्यादा ८.५ ची. दीड टक्क्याचा हा फरकही २००१ च्या त्या यादीतच ठरला होता.